शेवंता आत्याची ताडपत्री

ताडपत्री कातळावर उलगडली की आधी तिचा वास येतो. तापलेल्या रबराचा, जुन्या धुराचा, भाताच्या तुसाचा. त्यामागून माळ्याचा वास येतो, वर्षभर तिच्या घड्यांत बिऱ्हाड करून गेलेल्या उंदरांचा. मे महिन्याच्या शेवटी मी शिकवते त्या शाळेला सुट्टी असते. तेव्हा मी रत्नागिरीहून गावी येते आणि भावाच्या घरामागच्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर, ही ताडपत्री पसरते. पसरते म्हणजे चौघांकडून पसरून घेते, कारण एकट्यादुकट्याला ती उचलत नाही. एका अंगाने हिरवी, दुसऱ्या अंगाने काळी, म्हशीच्या पाठीसारखी जाड. उन्हात जरा तापली की मऊ पडते, आणि मग तिच्यावरचं एकेक जुनं ठिगळ ओळखू यायला लागतं.

यंदा तिला सहा नवी भोकं आहेत. गेल्या श्रावणात शेवंता आत्या गेली. तिच्या सरणाच्या ठिणग्यांनी पडलेली ही भोकं. एक बशीएवढं, बाकीची बोराएवढी. कडा वितळून कडक झाल्या आहेत. बोट फिरवलं की काळ्या मण्यांसारख्या लागतात.

"ताय, टाक की गो आता ही," धाकटा भाऊ म्हणाला. "मोबाईलवर मागवली तर तिसऱ्या दिवशी नवीन येते देवरुखात."

"ती निळी? एका वाऱ्यात चिंध्या होतात तिच्या."

"मग पुढच्या वर्षी दुसरी घ्यायची."

मी साबणाचं पाणी ओतलं आणि नारळाच्या सोडणाने घासायला बसले. माझं वय आता पन्नाशीला टेकलंय, गुडघे बोलतात. पण हे काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

शेवंता आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन मुंबईला गेली आणि गोदीजवळच्या एका ताडपत्रीच्या कारखान्यात नवऱ्याबरोबर कामाला लागली. नवरा कापायचा, ती शिवायची आणि दोरीसाठी पितळी कड्या ठोकायची. नवरा गेला तेव्हा ती पस्तिशीचीही नव्हती. मूलबाळ नव्हतं. एक पत्र्याची पेटी घेऊन ती आमच्या घरी परत आली. पेटीत दोन लुगडी होती आणि बाकी सगळी हत्यारं. जाडे दाभण, मेणाचा गोळा, तीन कात्र्या, हातोडी, कड्यांची पिशवी. माझी आई सांगायची, बाकीच्या माहेरवाशिणी खाऊ घेऊन येतात, ही हातोडी घेऊन आली.

महिन्याभरात तिने देवरुखच्या रस्त्यावर, नाक्याजवळच्या काजूखाली आपलं बस्तान मांडलं. मालाच्या गाड्या तिथे चहाला थांबायच्या. घाटातल्या फांद्यांनी त्यांच्या ताडपत्र्या हमखास फाटलेल्या असत. सुरुवातीला ड्रायव्हर हसायचे. एकाने विचारलं, "बाई, तुमचा मानूस कुठाय?"

"मेला," आत्या म्हणाली. "ताडपत्री ठेवा नि च्या पिऊन या. काम माझं हाय, तेचं नाय."

दुपारी शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचे. काजूच्या मोहोराचा तो किंचित आंबूस गोड वास, डिझेलचा वास, आणि सगळ्यांवर चढलेला ठिगळं चिकटवायच्या सोल्युशनचा वास. तो वास डोक्यात जायचा आणि फार आवडायचा. माझ्या फ्रॉकला तो लागून राहायचा. वर्गात वरच्या वाडीच्या मुली नाक दाबायच्या. मी मुद्दाम जाऊन त्यांच्या बाकावर बसायचे.

"भोक दिसलं म्हणून लगेच ठिगळ मारायचं नाय," आत्या सांगायची. "आधी धू. मग सुकव. मग खरवड. घाण आत ऱ्हायली तर ठिगळ वरून बरं दिसतं नि आतून सुटतं." ठिगळाचे कोपरे ती कात्रीने गोल करायची, कारण टोकदार कोपरा वाऱ्याला आधी सापडतो. सोल्युशन भोकाभोवतीही लावायची, ठिगळालाही लावायची आणि मग नुसती बसून राहायची. ड्रायव्हर घाई करायचा, हॉर्न वाजवायचा. ती बोटाच्या मागच्या बाजूने चाचपून पाहायची. बोटाला चिकटेनासं झालं की मगच ठिगळ ठेवायची आणि लाटण्याने मधून कडेकडे दाबत न्यायची. ते लाटणं आईचं होतं. आईने मुकाट्याने दुसरं घेतलं.

आजोबा गेले तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. आषाढ होता, चार दिवस पावसाने तोंड मिटलं नव्हतं. आमची बौद्धवाडी गावाच्या खालच्या अंगाला. नदीच्या वरच्या अंगाला गावाचं स्मशान होतं, चार लोखंडी खांबांवर पत्रे आणि खाली सिमेंटचा ओटा. ती शेड सगळ्या गावासाठी म्हणूनच बांधलेली. तरी ती वरच्या वाडीची होती. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. आमची जागा नदीच्या खालच्या अंगाला, करंजाच्या झाडांत, उघड्यावर.

त्या दिवशी वडील वरच्या वाडीत गेले, एवढ्यापुरती शेड द्या म्हणायला. तेव्हा तिथले अण्णा सरपंच होते. अण्णा म्हणाले, "मीटिंग घेऊन सांगतो." मयत घरात आणि हा माणूस मीटिंग घेणार. वडील परत आले. आजोबांचं सरण तीन वेळा पेटवावं लागलं. मला त्या दिवसाचं थोडंच आठवतं. रॉकेलचा वास. दुरून आलेला, ओल्या लाकडांचा वाटावा असा धूर, जो वर न जाता शेतावर सरपटत होता. आणि संध्याकाळी पडवीत उभे असलेले वडील. पांढरा सदरा अंगाला चिकटलेला, कुणीतरी दिलेला टॉवेल हातात तसाच. आत्याने त्यांच्या हातातून टॉवेल घेतला आणि त्यांचं डोकं पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं.

पुढच्या उन्हाळ्यात घाटात एक मोठी गाडी कलंडली. माणसं वाचली, पण माल विखुरला आणि ताडपत्री मधोमध उभी फाटली. तेव्हा बहुतेक गाड्यांवर मेणकापड असायचं. ही मात्र दोन्हीकडून रबराचा जाड लेप दिलेली, कारखान्याचा माल नेणाऱ्या गाडीची. मालकाने ती घाटातच टाकून दिली. आत्या वाडीतल्या चार बायका घेऊन गेली आणि त्यांनी दोन्ही तुकडे ओढत घरी आणले. सगळा मे महिना ती सड्यावर बसून होती. डोक्यावर ओला पंचा, हातात दाभण. दोन तुकडे एकावर एक चार बोटं चढवून तिने दुहेरी शिवण घातली आणि शिवणीवर वरून खालून पट्टी चिकटवली. करवंदं काढायला जाणाऱ्या बायका विचारायच्या, "शेवंताबाय, ह्या एवढ्या मोठ्या ताडपत्रीचं करणार काय?"

"पावसाला विचारा," ती म्हणायची.

माझ्या लहानपणाचे सगळे ऋतू त्या ताडपत्रीखाली गेले. कापणीला पाऊस आला की खळ्यातलं भात तिच्याखाली जायचं, आणि आम्ही पोरंही. खाली ओल्या पेंढ्याची ऊब असायची, अंगाला कुसळं टोचायची. एप्रिलमध्ये जयंतीला ती चिऱ्यांच्या चौथऱ्यावर ताणली जायची. तिच्या सावलीत निळ्या कागदी पताका, लाऊडस्पीकरचा खरखराट आणि पातेल्यातल्या सरबतात तरंगणाऱ्या लिंबाच्या फोडी. वर्षावासात तीन महिने रोज संध्याकाळी तिच्याखाली ग्रंथवाचन चालायचं, कारण विहार तेव्हा नव्हता. वडील वाचायचे. पाऊस वरून एवढा कोसळायचा की शब्द ऐकू यायचे नाहीत. वडील थांबत नसत, आवाज चढवत नसत. बायका पुढे सरकायच्या, आणखी पुढे सरकायच्या, शेवटी सगळी वाडी त्यांच्या गुडघ्यांना टेकून बसलेली असायची. ओल्या छत्र्यांचा, कंदिलाच्या काचेचा, एकमेकांच्या केसांतल्या खोबरेलाचा वास. आज विहाराला फरशी आहे, पंखे आहेत, माईक आहे. तेवढं जवळ कुणी बसत नाही.

लग्नंही तिच्याखालीच झाली, माझंसुद्धा. आणि पावसाळ्यात कुणी गेलं की त्याच्यावरही तीच धरली जायची. बाहेरून आलेले पाहुणे कुजबुजायचे, मयताची ताडपत्री लग्नाला कशी चालते. आत्या त्यांच्या समोर जाऊन बसायची. "तुमी लुगडं नेसून मयताला जाता नि परत लग्नाला तेच नेसता. ते चालतं नव्हं? मग हीसुदा चालते."

सरणावर ती धरायची एक रीत आत्याने बसवली होती. आठ बांबू, आठ माणसं. मधली शिवण उंच, दोन्ही बाजूंना उतार, म्हणजे पाणी साठत नाही. आग लाकडांच्या पोटात शिरेपर्यंत धरून ठेवायची आणि मग सगळ्यांनी एकदम मागे न्यायची. आधी नेली तर आग विझते, उशीर केला तर ताडपत्री जळते. ती वेळ फक्त आत्याला कळायची. बायका स्मशानात जात नाहीत, असं तिला एकदा कुणीतरी सांगून पाहिलं. "बाई जात नसंल," ती म्हणाली, "कारागीर जातो."

मी बारावीला होते, तेव्हाची गोष्ट. देवरुखला कॉलेज, पण त्या आठवड्यात एसटी बंद होती म्हणून घरीच होते. वादळ झालं आणि नदीवरच्या शेडचे पत्रे उडाले. दोन कुणाच्या तरी शेतात सापडले, बाकीचे पाण्यात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या वाडीत अण्णांची आई वारली. पाऊस असा होता की समोरचं आंब्याचं झाड दिसत नव्हतं.

दुपारी अण्णा आमच्या गडग्यापाशी आले. गडगा म्हणजे आमच्या अंगणाची चिऱ्यांची कमरेएवढी भिंत. तिच्या पलीकडे छत्री धरून उभे राहिले. बरोबर दोन माणसं. तिथूनच हाक मारली, "शेवंते."

आत्या दारात गेली.

"म्हातारी गेली," अण्णा म्हणाले. "शेडचं तुला म्हायती हाय. ताडपत्री दे. ही दोघं नेतील."

"दोघांना नाय उचलायची."

"मग आणखी दोन धाडतो."

"चौघांना उचलंल. पन धरायची कशी, सोडायची कवा, ते तेना कुठं ठावं? ताडपत्री जाळतील नि म्हातारी अर्धी ऱ्हाईल."

एव्हाना आजूबाजूच्या घरांतून माणसं आमच्या पडवीत जमली होती. शेजारचा विलास, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, पुढे आला. "आत्या, द्यायची नाय," तो मोठ्याने म्हणाला, अण्णांना ऐकू जावं म्हणून. "घेऊदेत मीटिंग."

कुणी हसलं नाही. आत्या मागे वळली. वडील कोपऱ्यात बसले होते. "तू सांग," ती त्यांना म्हणाली. "तुझ्या बापाचं सरण व्हतं. तू म्हणशील तसं."

मला वाटलं, वडील उठून आत जातील. मग म्हणाले, "म्हातारीला भिजत ठेवायचं नाय. पन आपन चोरवाटेने जायचं नाय."

आत्याने मान हलवली आणि दाराबाहेर पायरीवर उतरली. पागोळ्या तिच्या खांद्यावर पडत होत्या.

"ताडपत्री एकटी येत नाय, अण्णा. तिच्याबरोबर आमची आठ मानसं येतात नि मी येते. तुमच्या वाडीतून, मधल्या वाटेने. शेडच्या ओट्यावर आमी उभे ऱ्हाणार. जमत असंल तर आत या, बसा, मग निघू. मयताचं बोलणं गडग्यावरून होत नाय."

बरोबरचा एक जण म्हणाला, "अण्णा, चला. बगू कायतरी दुसरं."

अण्णांनी वर पावसाकडे पाहिलं. मी त्यांना आयुष्यात कधी आमच्या अंगणात पाहिलं नव्हतं. रस्त्याने जातानाही ते आमच्या घरांकडे पाहत नसत. त्यांनी छत्री मिटली. गडग्यात सोडलेल्या वाटेने आत आले, चपला काढल्या आणि पडवीच्या कडेवर टेकले. भिजलेले केस कपाळावर आले होते. एकदम म्हातारे दिसले.

"च्या देत नाय, तुमच्या घरात मयत हाय," आत्या म्हणाली. "पानी घ्या."

आईने तांब्या आणला. देताना थोडं पाणी पडवीत सांडलं. अण्णांनी तांब्या हातात घेतला, जरा थांबले, आणि सगळं पाणी प्यायले. ते घुटके मला अजून ऐकू येतात. पाऊस एवढा कोसळत होता तरी तेवढेच ऐकू येत होते. मग तांब्या खाली ठेवून ते म्हणाले, "चला, शेवंताबाय."

माणसं आठ व्हायला एक जण कमी पडत होता. आत्याने माझ्याकडे पाहिलं. "चल. मागचा कोपरा धर."

आम्ही वरच्या वाडीतून गेलो. मधल्या वाटेने, देवळासमोरून. ताडपत्रीची लांब घडी आठ खांद्यांवर, पुढे आत्या, लुगड्याचा काचा मारलेला, हातात दोरीचं वेटोळं. खिडक्यांत बायका दिसत होत्या. एक कुत्रा शेवटपर्यंत भुंकत बरोबर आला. ओट्यावर आम्ही पाय ठेवला तसे त्यांच्यातले पाच-सहा जण खाली उतरले आणि निघून गेले. अण्णांनी त्यांना थांबवलं नाही, आम्हालाही थांबवलं नाही.

बांबू वर गेले. ताडपत्री ताणली आणि खाली एकदम कोरडी, हिरवट काळोखी जागा तयार झाली. त्यात ती म्हातारी निजलेली. विहिरीवर आम्हाला पाहिलं की ती दुरूनच ओरडायची, हंडे आधी भरू दे म्हणून. मला तो आवाज आठवत होता आणि मी तिच्यावर पावसाचा थेंब पडू नये म्हणून दोन्ही हातांनी बांबू पेलून उभी होते. मला राग आला होता. कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही. धुराने डोळे चुरचुरत होते, दंड भरून आले होते, आणि मी ठरवलं होतं की ह्या सगळ्यांसमोर माझा कोपरा इंचभरही खाली जाणार नाही. गेला नाही.

"धरा," आत्या म्हणत होती. "धरा. अजून. आता मागे."

आग उभी राहिली. पाऊस तिच्यात पडून नुसता चरचरत होता. आम्ही ताडपत्रीची घडी घातली. अण्णा काहीतरी बोलायला जवळ आले.

"तुमचं आटपा," आत्या म्हणाली. "आमचं झालं." आणि आलो त्याच वाटेने आम्ही घरी आलो.

त्याच भाद्रपदात आमच्या वाडीतले गोविंदकाका गेले. एव्हाना शेडवर नवे पत्रे आले होते. तिरडी निघाली आणि वाट फुटते तिथे माणसं सवयीने खालच्या वाटेला वळली. आत्या पुढे जाऊन मधेच उभी राहिली.

"वर," ती म्हणाली.

खांदेकरी थांबले. कुणीतरी म्हणालं, "इचारलं नाय कुणाला."

"इचारायचं काय हाय तेच्यात?"

शेडपाशी दोघे बसले होते. त्यांनीही तेच विचारलं, कुणाला विचारून आलात.

"इचारायला नाय आलो," आत्या म्हणाली. "मयत घेऊन आलोय. सरका."

ते सरकले. लगेच नाही. तिरडी खांद्यावर, पाऊस डोक्यावर, आणि आम्ही सगळे तसेच उभे. मग एक जण उठला, त्याच्यामागे दुसरा. गोविंदकाका पत्र्याखाली, कोरड्या ओट्यावर जळाले. एकाच काडीत. वडील खांबाला हात लावून उभे होते. शेड खरी आहे का, हे पाहत असल्यासारखे.

त्यानंतर आम्हाला कुणी अडवलं नाही. म्हणून गाव गोड झालं असं नाही. आमचं मयत झालं की वरच्या वाडीतून माणसं येऊन ओटा धुवून जायची, कितीतरी वर्षं. हे आत्याला कुणीतरी रागाने येऊन सांगितलं. ती भाकरी थापत होती. "धुवूदेत," ती म्हणाली. "साफ ऱ्हातो."

पुढे नाक्यावरचा काजू रस्तारुंदीत गेला. आत्याचे हात सुजायला लागले. तिने मला ताडपत्रीचं काम शिकवलं, सुट्टीसुट्टीत, मला शाळेत नोकरी लागल्यावर. मी शहरातून हीटगन आणली, तर तिने ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "केस सुकवायचं दिसतंय." पण एकदा मी हीटगनने लावलेलं ठिगळ तिने ओढून बघितलं, निघालं नाही, तेव्हा ती हीटगन आपल्या पेटीत ठेवून दिली.

जायच्या आधी महिनाभर ती अंथरुणावर होती. एक दिवस म्हणाली, "मला खाली न्यायचं. करंजात. नि वर आपली ताडपत्री."

मला ते पटेना. "आत्या, शेडसाठी तू एवढं केलंस. आणि स्वतःला उघड्यावर?"

"मी शेड मागितली नव्हती गो. हक्क घेतला. तो वापरायचा का नाय, ते माझं मी ठरवीन." थोडा वेळ दम खाऊन म्हणाली, "बापूस तिथं हाय माझा."

श्रावणात ती गेली, आणि पाऊस तिच्या मनासारखाच होता. सध्याचा सरपंच अण्णांचा नातू, पस्तिशीचा, बोलायला नम्र. तो घरी आला, माझ्या शेजारी बसला. "ताई, शेड झाडून ठेवली आहे. लाकडं कोरडी आहेत. आजी गावाची होती." मनापासून म्हणत होता, हे मला दिसत होतं.

"लाकडं द्या," मी म्हटलं. "शेड नको."

त्याने लाकडं पाठवली. बांबू धरायला पुरुष पुरेनात. अर्धी वाडी मुंबईत, उरलेले म्हातारे. मग आम्ही बायकांनी धरले. आठ बायका, करंजाच्या झाडांत, घोट्याएवढ्या चिखलात. मधला बांबू माझ्याकडे होता, आणि "मागे" हा शब्दही आता मलाच म्हणायचा होता. आग लाकडांच्या पोटात शिरली, मला ती दिसली, वेळ झाली होती. आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. तो म्हटला की ती उघडी पडणार होती. माझ्या भावजयीने, प्रणालीने, माझ्याकडे पाहिलं. सगळ्या बायका पाहत होत्या आणि एकीनेही बांबू हलवला नाही. शेवटी मी म्हटलं. तेवढ्या उशिरात ही सहा भोकं पडली.

आज सकाळपासून मी ती बुजवायला बसले आहे. कडक झालेल्या कडा कापून टाकल्या, भोवती खरवडून घेतलं, ठिगळांचे कोपरे गोल केले. हीटगनच्या गरम वाऱ्याने दोन्ही थर चकाकायला लागले की लाटण्याने दाबायचं, मधून कडेकडे. पाच झाली. बशीएवढं भोक शेवटी घेतलं, त्याला आतून आणि बाहेरून असं दुहेरी ठिगळ लागलं. कातळ पायाला चटके देत होता. प्रणाली उभी राहून हीटगनची वायर सांभाळत होती आणि प्रत्येक ठिगळाला विचारत होती, आता का थांबायचं, आता का दाबायचं. मी सांगत होते.

चारच्या सुमाराला सरपंच मोटारसायकलवरून आला. सड्यावर चढून आला, घाम पुसला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "ताई, ग्रामपंचायतीच्या नवीन हॉलमध्ये गावाच्या जुन्या वस्तू मांडायच्या आहेत. ही ताडपत्री द्याल का? काचेमागे नीट ठेवू. खाली फलक लावू." त्याने मोबाईल काढला. मजकूर लिहून आणला होता. वाचून दाखवला. शेवंता आजींनी मोठ्या मनाने आपली ताडपत्री अण्णांच्या मातोश्रींसाठी दिली आणि गावात सलोख्याची परंपरा सुरू झाली, असा.

मी लाटणं खाली ठेवलं.

"दिली नव्हती," मी म्हटलं. "आम्ही घेऊन गेलो होतो. मी होते तिथे."

"तसं लिहितो."

"आणि त्याच्या आधी माझ्या आजोबांचं सरण तीनदा पेटवावं लागलं, तेही लिहा. शेड कुणी दिली नाही, तेही लिहा. ओटा किती वर्षं धुतला, ते तुमच्या घरातल्यांना विचारून लिहा."

त्याने मजकूर बोटाने वरखाली सरकवला. कान लाल झाले होते. वाईट माणूस नव्हता. "एवढं सगळं फलकावर बसायचं नाही, ताई," तो हळू आवाजात म्हणाला.

"मग फलक मोठा करा."

"आणि ताडपत्री?"

"ती नाही मिळणार. ती कामात आहे. रविवारी विलासच्या मुलीचं लग्न आहे, मग पावसाळा आहे. काचेमागे ठेवायला तिला वेळ नाही."

प्रणालीने तोंडाला पदर लावला. सरपंचाने मोबाईल खिशात टाकला. जाईल असं वाटलं. पण तो ताडपत्रीकडे पाहत होता, तिच्यावर जागोजाग दाटलेल्या ठिगळांकडे. मग वाकून त्याने एका ठिगळाची कड नखाने उचकटून पाहिली. निघाली नाही.

ऊन उतरत होतं. घडी घालायची होती आणि आम्ही तिघीच होतो, प्रणाली, विलासची बायको आणि मी.

"आलाच आहात तर तो कोपरा धरा," मी त्याला म्हटलं.

त्याने आपल्या पांढऱ्या शर्टाकडे एकदा पाहिलं, बाह्या दुमडल्या आणि कोपरा धरला. धरला तसा जोराने आपल्याकडे ओढला.

"ओढायचं नाही," मी म्हटलं. "नुसतं उचलायचं. तेही मी सांगेन तेव्हा."